फाओच्या किल्ल्यावर आपण कोण होतो?



आजचा विषय पहिलं महायुद्ध आहे, पण सुरुवात साराजेव्होपासून करणार नाही. सुरुवात हैदराबादमधल्या एका फ्लॅटपासून करतो. २०१६ची दिवाळी. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, जेवण झालं आणि भाच्यानं मला त्याच्या खोलीत ओढून नेलं. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दहाच दिवसांपूर्वी, म्हणजे २१ ऑक्टोबरला, एक नवा खेळ बाजारात आला होता आणि त्यानं तो साठवलेल्या पैशांतून घेतला होता. नाव ‘बॅटलफील्ड वन’. मला म्हणाला, “मामा, तू इतिहास शिकवतोस ना? मग हा खेळ तुझ्यासाठीच आहे.”

मी आयुष्यात तोवर बंदुकीचा खेळ खेळलो नव्हतो. माझी मजल संगणकावरच्या पत्त्यांपर्यंत. पण त्याचा उत्साह बघून बसलो. त्यानं कीबोर्डवर माझी बोटं ठेवून दिली. या बटणानं पुढं जायचं, यानं वाकायचं, यानं गोळी. पडद्यावर नकाशा आला, खाली नाव आलं, ‘फाओ फोर्ट्रेस’. फाओचा किल्ला. एका बाजूला लिहिलेलं ब्रिटिश साम्राज्य, दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य. आमच्या वाट्याला ब्रिटिश आले. एका सामन्यात चौसष्ट माणसं, बत्तीस इकडे, बत्तीस तिकडे, प्रत्येक जण आपापल्या घरात बसलेला. समोर वाळू, पलीकडे समुद्र, वर किल्ल्याची भिंत. मी दहा पावलं चाललो आणि मेलो. पुन्हा उठलो, पुन्हा मेलो. गोळी कुठून आली तेही कळत नव्हतं.

चौथ्या-पाचव्या मरणाच्या वेळी भाच्यानं सहज विचारलं, “मामा, यात आपण कोण?”

मी म्हटलं, “ब्रिटिश. वर लिहिलंय की.”

“ते दिसतंय रे. आपण म्हणजे आपण. तेव्हा आपण कुठं होतो?”

मी पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, “आपले सैनिकपण होते की. फ्रान्सला वगैरे गेले होते.”

मंडळी, ते ‘वगैरे’ मला नंतर फार दिवस टोचत राहिलं. तोवर बरीच वर्षं मी वर्गात पहिलं महायुद्ध शिकवलं होतं. फर्डिनांडचा खून, करार आणि प्रतिकरार, खंदक, व्हर्सायचा तह. भारताचा उल्लेख एका वाक्यात यायचा: भारतानं मदत केली, बदल्यात स्वराज्य मिळेल अशी आशा होती, मिळाला रौलट कायदा. आणि आता त्या पोरानं ज्या किल्ल्यासमोर मला उभं केलं होतं, त्या जागेबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. परतीच्या प्रवासात मी वाचायला सुरुवात केली. आजचा भाग म्हणजे त्या ‘वगैरे’ची भरपाई आहे.

फाओ कुठं आहे?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या दक्षिण इराकमध्ये एकत्र येतात. त्या एकत्र झालेल्या नदीला शत अल-अरब म्हणतात. ही नदी पर्शियाच्या आखाताला मिळते, त्या तोंडाशी फाओ आहे. सपाट, खारट, चिखलाची जमीन आणि खजुराची झाडं.

आता गंमत बघा. फाओचं नाव हिंदुस्थानातल्या तारखात्याला युद्धाच्या पन्नास वर्षं आधीपासून माहीत होतं. १८६४ साली आखातातून समुद्राखालची तारेची केबल टाकली गेली. ती ग्वादरहून निघून फाओला जमिनीवर यायची आणि तिथून तुर्कांच्या तारांवरून पुढं युरोपात. इकडे ग्वादर कराचीशी जोडलेलं होतं. १८६५पासून हिंदुस्थान आणि लंडन यांच्यातला संदेश या वाटेनं जाऊ लागला. म्हणजे कराचीहून निघालेला निरोप खाली समुद्रातून सरकत फाओला वर यायचा. आपण ऑनलाइन खेळतो तेव्हा ‘पिंग’ किती दाखवतंय म्हणून कुरकुरतो ना? आपली गोळी समुद्राखालच्या तारेतून परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत येईपर्यंत समोरचा आपल्याला टिपून मोकळा झालेला असतो. तर त्या समुद्राखालच्या तारेच्या जुन्या ठाण्यांपैकी एक ठाणं म्हणजे हे फाओ. खेळात मला तारघर कुठं दिसलं नाही. इतिहासात किल्ल्याइतकंच महत्त्व त्या तारघराला होतं.

दुसरं कारण तेल. १९०८ साली इराणात मस्जिद-ए-सुलेमान इथं तेल लागलं. ते नळानं आणून शुद्ध करायचा कारखाना अबादानला उभा राहिला, म्हणजे शत अल-अरबच्याच काठावर, फाओपासून जवळ. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं आणि १९१४मध्ये, युद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारनं त्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेऊन टाकले. समोरच्या काठावर तुर्क. ते जर्मनीच्या बाजूनं उतरले तर अबादानचं काय, ही चिंता होती. खेळात याच मोहिमेचं नाव ‘ऑइल ऑफ एम्पायर्स’ असं ठेवलंय. साम्राज्यांचं तेल. नाव चुकीचं नाही. फक्त त्या मोहिमेत फाओची लढाई झाली की पुढची लढाई सिनाईच्या वाळवंटात होते. फाओ ते सिनाई हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि मध्ये सगळं अरबी वाळवंट. खेळात ते एका लोडिंग स्क्रीनमध्ये पार होतं.

६ नोव्हेंबर १९१४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या किनाऱ्यावर कोण उतरलं?

या मोहिमेच्या फौजेचं अधिकृत नाव होतं ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स डी’. यातला पहिला शब्द नीट ऐका. फौज हिंदुस्थानची. ती पाठवली हिंदुस्थान सरकारनं. तिच्या केंद्रस्थानी होती सहावी डिव्हिजन, आणि तिचं नाव होतं पूना डिव्हिजन. आपलं पुणं. तिच्यातली सोळावी ब्रिगेड ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांच्या हाताखाली ऑक्टोबरच्या मध्यावर मुंबईहून बोटीत बसली आणि बहारीनजवळ जाऊन थांबली. ५ नोव्हेंबरला ब्रिटननं तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. ६ तारखेला फाओ.

त्या ब्रिगेडमध्ये चार पलटणी होत्या. एक इंग्रज, डॉर्सेट रेजिमेंटची. बाकीच्या तीन भारतीय: विसावी, म्हणजे ब्राउनलोज पंजाबीज, १०४वी वेलस्लीज रायफल्स आणि ११७वी मराठा. एक गोरी, तीन काळ्या हे प्रमाण काही योगायोगानं पडलेलं नव्हतं. १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या ब्रिगेड साधारण अशाच बांधल्या जात. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की फाओवर चढाई करायला आलेल्या ब्रिगेडमधल्या चारपैकी तीन पलटणी ‘आपण’ होतो. आणि त्यातली एक तर मराठी बोलत होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूची पोरं.

प्रत्यक्ष लढाई खेळातल्यासारखी झाली नाही. खेळात हरणाऱ्या बाजूच्या मदतीला अजस्र युद्धनौका येते. खऱ्या फाओत नदीच्या तोंडाच्या गाळामुळं मोठं जहाज आत येऊच शकत नव्हतं. ‘ओडिन’ नावाची छोटी तोफनौका आत शिरली, तिनं तुर्कांच्या तोफा गप्प केल्या. मग पहिल्या दिवशी सहाशेच्या आसपास माणसं दोन डोंगरी तोफा घेऊन उतरली. किल्ला जुना, शिबंदी थोडी, आणि तिचा अधिकारी गोळाबारीत मारला गेला होता. फाओ पडलं. तारघर ताब्यात आलं. बाकीची ब्रिगेड नदीतून वर जाऊन उतरली आणि नोव्हेंबर संपायच्या आत बसराही हातात आलं.

आणि एक गोष्ट. खेळात ज्याच्या त्याच्या हातात आपोआप धडधडणारी बंदूक असते. १९१४ साली अख्ख्या पलटणीला, म्हणजे सात-आठशे माणसांना, मशीनगन होत्या दोन. बाकी सगळे खटका मागे ओढून एकेक गोळी झाडणारे. खेळ त्या वेगानं चालवला तर कोणी खेळणार नाही, हे मला समजतं. भाचा म्हणालाच, “मामा, खरं तसं केलं तर बोअर होईल.” बरोबर आहे. पण मग खरं काय होतं ते दुसरीकडून कुठून तरी कळायला हवं.

पुढं काय झालं

खेळात सामना पंधरा-वीस मिनिटांत संपतो. फाओनंतर काय, हे तो सांगत नाही, आणि तिथंच खरी गोष्ट सुरू होते.

बसरा मिळालं, तेल सुरक्षित झालं. थांबता आलं असतं. पण सोपा विजय माणसाला पुढं ढकलतो. नदीच्या काठानं फौज वर सरकत गेली. १९१५च्या जूनमध्ये अमारा, सप्टेंबरच्या शेवटी कुत. पूना डिव्हिजनचा सेनापती आता जनरल टाऊनशेंड होता. समोर बगदादचं नाव चमकत होतं. नोव्हेंबरमध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला गाठ पडली. तिथं टाऊनशेंडची चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. आता मागे फिरणं भाग होतं.

त्या जखमींचं काय झालं ते मी मुद्दाम सांगतो, कारण खेळात एक फार सोयीची गोष्ट आहे. खेळात तुम्ही पडलात की तुमच्या बाजूचा मेडिक धावत येतो, एक सुई टोचतो आणि तुम्ही टुणकन उठून परत पळायला लागता. मला तर भाच्याच्या मित्रांनी एका संध्याकाळी डझनभर वेळा असं उठवलं. टेसिफोनचे जखमी बिनस्प्रिंगच्या गाड्यांमध्ये घालून खडबडीत जमिनीवरून मैलोन् मैल नदीपर्यंत नेले गेले. हाडं मोडलेली माणसं, लाकडी गाडी, प्रत्येक खड्ड्याला धक्का. मग बार्जवर एकावर एक कोंबून बसऱ्याला. पुरेशी मलमपट्टी नाही, डॉक्टर नाहीत, पाणी नाही. हे बाहेर आलं तेव्हा लंडनमध्ये एवढा गदारोळ झाला की चौकशी आयोग नेमावा लागला. १९१७मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. काटकसर करून युद्ध लढायला निघालेल्या हिंदुस्थान सरकारची लक्तरं त्या अहवालानं वेशीवर टांगली.

मागे फिरलेली पूना डिव्हिजन कुतमध्ये अडकली. नदीच्या वळणात वसलेलं गाव, तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनं उठला. सुटकेसाठी बाहेरून आलेल्या फौजांची वीस हजारांहून अधिक माणसं मेली नाहीतर जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. आत अन्न संपत गेलं. घोडे मारून खायची वेळ आली. भारतीय शिपायांतल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे ते मांस शिवलं नाही. गावी जाऊन काय सांगायचं, पंगतीला कोण बसू देईल, पोरीबाळींची लग्नं कशी होतील, ही भीती गोळीपेक्षा मोठी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली गेली, तरी पुष्कळांचं मन होईना. शेवटी शेवटी भुकेनं आणि स्कर्व्हीनं माणसं उभी राहीनाशी झाली.

शरण गेले ते सुमारे तेरा हजार. त्यात सैनिक होते तसे न लढणारेही होते. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे, डोलीवाले. त्यात ११७वी मराठा होती, तीच जी फाओला आलेली सोळाव्या ब्रिगेडची पलटण. शिवाय १०३वी आणि ११०वी मराठा. एकट्या कुतमध्ये तीन मराठा पलटणी. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले पुष्कळ वाटेत आणि पुढं रेल्वे बांधणीच्या छावण्यांत मेले.

यातला एक माणूस लिहिणारा होता, म्हणून आपल्याला आतलं थोडं कळतं. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाली तरुण बंगाल अँब्युलन्स कोअरमधून गेला होता. म्हणजे खेळाच्या भाषेत मेडिक. तोही कुतमध्ये पकडला गेला. त्यानं कैदेत रोजनिशी लिहिली, पकडले जाऊ नये म्हणून पानं फाडून बुटात लपवली, आणि त्यावरून पुढं १९५०च्या दशकात ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक बंगालीत आलं. त्यात तुर्की पहारेकरीही माणसं म्हणून भेटतात आणि वाळवंटात हाकलल्या गेलेल्या आर्मेनियन लोकांचे हालही दिसतात. असा एखादा मराठी शिपाई लिहिता झाला असता तर, असं मला नेहमी वाटतं. पण ज्यांना लिहिता येत होतं ते तिथं नव्हते आणि जे तिथं होते त्यांना बहुतेकांना लिहिता येत नव्हतं.

१९१७च्या मार्चमध्ये नव्या फौजेनं बगदाद घेतलं. सगळी मोहीम मिळून पाच लाखांहून अधिक भारतीय मेसोपोटेमियात गेले, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लढणारे नव्हते, राबणारे होते. फ्रान्सला गेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. मी ज्याला ‘वगैरे’ म्हणालो होतो, तिथं आपली सगळ्यात जास्त माणसं होती.

फक्त फाओ नाही

एकदा हे कळल्यावर त्या खेळाचे बाकीचे नकाशे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. पहिल्या नकाशांत एक सुएझचा होता. १९१५च्या फेब्रुवारीत तुर्कांनी सुएझ कालव्यावर हल्ला केला तेव्हा तो कालवा राखणाऱ्यांत मोठा भाग भारतीय पलटणींचा होता, आणि पुढं वाळवंटात गस्त घालत होते बिकानेर संस्थानाचे उंटस्वार, गंगा रिसाला.

सिनाईच्या नकाशात घोडे आहेत. भाच्याला घोडेस्वार व्हायला फार आवडायचं, तलवार उपसून भरधाव जायचं. त्याला मी सांगितलं, की हे निव्वळ खेळातलं नाही. त्याच आघाडीवर, पॅलेस्टाइनमध्ये, २३ सप्टेंबर १९१८ला जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांनी मशीनगनच्या तोंडावर घोडे घालून हैफा शहर घेतलं. जोधपूरच्या तुकडीचे मेजर दलपतसिंह शेखावत त्यात पडले. दिल्लीत तीन मूर्ती चौकात जे तीन पुतळे आहेत ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या घोडदळांचे. हैदराबादचं नाव ऐकून भाचा चमकला. त्यानं त्या चौकातून टॅक्सी नेली होती, पुतळे कुणाचे ते विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

नाव आणि आकडा

आता मला ज्या गोष्टीसाठी हा भाग करावासा वाटला, तिथं येतो.

‘बॅटलफील्ड वन’मध्ये एकट्यानं खेळायचा जो भाग आहे, त्याची सुरुवात फार वेगळी आहे. पहिल्या प्रसंगाचं नाव ‘स्टॉर्म ऑफ स्टील’. फ्रान्समधली आघाडी, तुम्ही एक अमेरिकन कृष्णवर्णीय सैनिक. खेळ आधीच बजावतो की तुम्ही जगणार नाही. आणि खरंच, तुम्ही कितीही चांगलं खेळा, मरताच. मेलात की पडद्यावर एक नाव येतं आणि खाली जन्म-मृत्यूची सालं. मग तुम्ही दुसऱ्या सैनिकाच्या अंगात शिरता. तोही मरतो. पुन्हा नाव, पुन्हा सालं. मी ते पाहिलं तेव्हा खरंच गप्प बसलो. बंदुकीच्या खेळानं मेलेल्या माणसाला नाव द्यावं, ही गोष्ट मला आवडली. त्या स्वीडिश मंडळींचं त्याबद्दल कौतुक केलं पाहिजे.

आता खरं काय घडलं ते ऐका. मेसोपोटेमियात जे मेले आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत, त्यांचं स्मारक १९२९ साली बसऱ्याला उभारलं गेलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, साध्यातल्या साध्या शिपायाचंही. भारतीयांपैकी नावं कोरली ती अधिकाऱ्यांची. बाकीच्यांसाठी पलटणीचं नाव आणि त्याखाली ‘आणि इतके इतर भारतीय सैनिक’. आकडा. बस.

बरं, हे त्या काळात शक्यच नव्हतं असंही नाही. फ्रान्समध्ये नव चॅपेलला भारतीयांचं स्मारक १९२७ सालीच झालं आणि त्यावर ४,७००हून अधिक नावं कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांहून अधिक नावं आहेत. म्हणजे सैन्य तेच, मरण तेच. युरोपात मेलात तर नाव, बसऱ्याकडे मेलात तर आकडा. आणि बसऱ्याकडे मेले ते जास्त.

२०२१च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हे मान्य केलं, की भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन अशा किमान ४५ हजार मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी लाखाहून अधिक असे असू शकतात की ज्यांची नावानं किंवा अजिबातच नोंद नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी. बसऱ्याचं स्मारक १९९७मध्ये सद्दामच्या हुकमानं मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभारलं होतं. तिथं आज किती जण जाऊ शकतात?

पण दूर कशाला जायचं? सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात मेलेल्या तिथल्या ४६ जणांचं स्मारक गावात आहे. महाराष्ट्रात, कर्नाटकात, तामिळनाडूत, पंजाबात अशा कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. इंग्रजीत लिहिलेलं असतं, की या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर हे दोनच आकडे. नावं नाहीत. माझ्या आजोळी शाळेच्या व्हरांड्यात अशी पाटी होती. लहानपणी आम्ही तिच्यावर चेंडू मारायचो, कारण तेवढीच भिंत गुळगुळीत होती.

खेळात उजव्या-डाव्या कोपऱ्यात सतत ओळी सरकत असतात, कुणी कुणाला मारलं त्याच्या. भाच्याचं टोपणनाव, माझं टोपणनाव. माझ्या प्रत्येक हास्यास्पद मरणाची नोंद तिथं माझ्या नावानिशी होत होती. आणि जे फाओला खरंच उतरले, कुतमध्ये उपाशी राहिले आणि वाळवंटात पडले, त्यांच्यातल्या हजारोंच्या वाट्याला दगडावर नाव आलं नाही.

मग खेळायचं की नाही?

हा प्रश्न प्रेक्षकांतले पालक मला नेहमी विचारतात. मुलांनी असले खेळ खेळावेत का? हा खेळ मोठ्यांसाठीचा आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका, हे आधी सांगतो. पण ‘खेळातून इतिहास शिकता येतो का’ असं विचाराल, तर माझं उत्तर असं आहे, की खेळातून इतिहास कळत नाही, प्रश्न पडू शकतो. आणि मला विचाराल तर वीस वर्षं वर्गात शिकवून मी मुलांच्या मनात जो प्रश्न उभा करू शकलो नाही, तो त्या खेळानं एका रात्रीत केला. यात आपण कोण? दोष काढायचा तर आधी माझा काढा. स्टॉकहोममधल्या लोकांनी फाओचा नकाशा केला. माझ्या वर्गातल्या नकाशावर फाओ नव्हतं.

२०१८च्या नोव्हेंबरमध्ये युद्धबंदीला शंभर वर्षं झाली. तेव्हा या खेळातल्या काही सर्व्हरवर खेळाडूंनी आपापसात ठरवून ठरल्या वेळी काही मिनिटं गोळीबार थांबवला. एकमेकांना न ओळखणारी माणसं, शत्रूच्या पोशाखात समोरासमोर, बंदुका खाली करून उभी राहिली. एखाददुसऱ्या वात्रटानं तेवढ्यातही गोळी घातली म्हणे. पण बाकीचे उभे राहिले. भाच्यानं मला तो व्हिडिओ पाठवला होता.

तो आता नोकरीला लागलाय, बंगळूरला असतो. मागच्या वर्षी बेळगावला एका लग्नात भेटला. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. १९२२मध्ये जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या तेव्हा ११७वीची पाचवी बटालियन झाली आणि मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल तिच्या नावापुढं ‘रॉयल’ लागलं. हे मी त्याला कार्यालयाबाहेर उभ्या उभ्या सांगत होतो. तो म्हणाला, “मामा, तुला आठवतं, फाओला तू किती वेळा मेला होतास?” मला आठवत नव्हतं. तो म्हणाला, “सत्तावीस. स्कोअरबोर्डवर होतं.”

माझ्या आजोळच्या पाटीवरचा आकडा मला आता पाठ आहे. नावं मिळवायचं काम सुरू केलंय. जुनी भरतीची कागदपत्रं, पेन्शनची पुस्तकं, कुणाच्या तरी माळ्यावरची एखादी पदकाची डबी. आतापर्यंत दोन नावं मिळाली आहेत. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की या आकड्यात आपलं कोणी आहे का. लवकर विचारा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.